कळंगुटची बस आणि आईचा डबा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी मी आणि आई डिचोलीहून कळंगुटला ताईकडे निघालो. श्रावणातला रविवार, ताईकडे आयतारपूजन, म्हणून आईने पहाटे उठून पातोळ्या केल्या आणि हळदीच्या पानांसकट स्टीलच्या डब्यात भरून वर फडकं बांधलं. आई ७२ वर्षांची, गुडघे दुखतात, तरी बसनेच जाऊया म्हणाली, कारण टॅक्सीवाला सांगतो तेवढ्यात आमचा आठवड्याचा बाजार येतो.

म्हापशापर्यंत काही त्रास नाही. स्टँडवर कळंगुटची प्रायव्हेट बस लागलेली, किलिनर "कळंगुट कळंगुट, बागा" ओरडतोय, इंजिन चालू, गाडी दोन हात पुढे जाते, परत मागे येते आणि सुटत मात्र नाही. अशी २५ मिनिटं गेली. लाँग वीकेंड, टुरिस्टांच्या ट्रॉली बॅगा मधल्या वाटेत, महिलांच्या सीटवर तरणीताठी मुलं, आणि किलिनर आईला म्हणतो "फुडें चल गो मांय, फुडें". फुडें कुठे, पाय ठेवायला जागा नाही!

मग मागून त्याच रूटची दुसरी बस आली आणि आमचा ड्रायव्हर एकदम असा सुटला की काय सांगू. म्हापसा ते कळंगुट जेमतेम नऊ-दहा किलोमीटर, पण वाटेतल्या पर्रा गावचा रस्ता अरुंद, त्यात पाऊस, आणि काळ्या प्लेटवर पिवळे नंबरवाल्या रेंटच्या स्कूटर कडेला लावून लोक माडांचे फोटो काढतायत. अशाच एका स्कूटरसाठी त्याने करकचून ब्रेक मारला. आईचा दांड्यावरचा हात सुटला, ती माझ्या अंगावर आली, डबा खाली पडून उघडला आणि पातोळ्या लोकांच्या चपलांखाली गेल्या. बसभर हळदीच्या पानांचा वास सुटला. आई काही बोलली नाही, वाकून एकेक पान गोळा करायला लागली. तेव्हा कुठे एका टुरिस्ट मुलाने उठून तिला जागा दिली, त्याचे आभार. किलिनरला म्हटलं जरा सावकाश घ्या, तर म्हणतो "टायमिंग चुकता बाय". पैसे घेतले, तिकीट दिलं नाही.

मी ड्रायव्हर-किलिनरलाच दोष देत नाही. सगळं दिवसाच्या कलेक्शनवर चाललंय, मागची गाडी पुढे गेली की पुढच्या स्टॉपवरचे पॅसेंजर तिचे. पण या शर्यतीत म्हातारी माणसं पडतात, त्याचं काय? कदंब ही आपली सरकारी बससेवा १९८० सालापासून चालू आहे, तिची पणजी-म्हापसा शटल बघा, खिडकीवर तिकीट घ्या, रांगेत उभे रहा, सीट भरल्या की गाडी निघते आणि मध्ये कुठे थांबत नाही. कोणी ढकलत नाही, कोणी ओरडत नाही. तशीच शटल म्हापसा-कळंगुट का नको? २०२४ मध्ये गोव्यात एक कोटीच्या वर पर्यटक आले, त्यातले कितीतरी याच किनाऱ्यावर उतरतात, मग या रस्त्याला एवढं तरी मिळायला हवं ना.

आणि परतीचं तर विचारूच नका. साडेसातला कळंगुटला स्टॉपवर उभे राहिलो ते तासभर बसच नाही. आमच्यासोबत हॉटेलात कामाला असलेल्या दोन मुली होत्या, त्यांचं हे रोजचंच, बस नाही मिळाली की पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, करून म्हापशाला जातात आणि दिवसाच्या पगारातला मोठा वाटा त्यातच जातो. त्यांच्यासाठी तरी रात्री साडेनऊ-दहापर्यंत दोन गाड्या ठेवा, आणि सुटायची वेळ स्टँडवर बोर्डावर लिहा. संबंधित खात्याने एखाद्या रविवारी साध्या पॅसेंजरसारखं म्हापशाहून कळंगुटला उभ्याने जाऊन बघावं अशी माझी मनापासून विनंती आहे.

येत्या रविवारी परत पूजन आहे. आईने हळदीची पानं आत्तापासून बघून ठेवलीत, पण यावेळी डबा ताईच्या मुलाला इकडे येऊन न्यायला सांग म्हणते, ती स्वतः येणार नाही.

आपली एक वाचक,
डिचोली