आई, मोजे शिवून देशील का

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

काल ऑफिसात होते म्हणून नीट बोलता आलं नाही. आई, तू तीनदा विचारलंस की बॅगेत काय काय घेतलंस आणि मी "सगळं घेतलंय गं" म्हणून फोन ठेवला, ते रात्रभर डोक्यात राहिलं, म्हणून आज निवांत लिहितेय.

आम्ही पाच जण पक्षी बघायला चाललोय, मुंबईहून क्वालालंपूर आणि तिथून बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या सबा राज्यात. एकूण बारा दिवस. विषुववृत्ताला अगदी खेटून आहे त्यामुळे पाऊस बारा महिने, आपल्यासारखं जूनमध्ये आला आणि दसऱ्याला गेला असं नाही, आणि हवा अशी दमट की धुतलेली जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाही. म्हणून जीन्स नाही, सुती ड्रेस पण नाही. पटकन वाळणाऱ्या दोन पँटी आणि चार फुल बाह्यांचे शर्ट, सगळे मातकट नाहीतर शेवाळी, तुला ते रंग आवडत नाहीत माहितीये पण भडक कपडे दिसले की पाखरं लांबूनच उडून जातात. स्वेटर मात्र घेतलाय. शेवटचे तीन दिवस किनाबालू पर्वताच्या पार्कात राहणार आहोत, ती जागा दीड हजार मीटरच्या वर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा उंच, पहाटे चांगलंच गारठतं.

बाबा, आता तुमच्या दुर्बिणीचं. तुम्ही "माझी घेऊन जा" म्हणालात तेव्हा मला भरून आलं, कारण त्याच दुर्बिणीतून मायणीच्या तलावावर तुम्ही मला रोहित पक्षी दाखवले होते, पहाटेच्या एस्टीने गेलो होतो, मी दुसरीत होते. पण ती मी नेणार नाही. मागे केरळात थट्टेकाडच्या पक्षी अभयारण्यात गेले तेव्हा माझी पहिली दुर्बीण ओलसर पिशवीत तशीच राहिली आणि महिन्याभरात भिंगांना आतून बुरशी लागली, ती गेली ती गेलीच. तुमची दुर्बीणही पाण्यापासून बंद केलेली नाही. मी आता आठ बाय बेचाळीसची घेतलीये, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग बेचाळीस मिलिमीटरचं, तिच्यात नायट्रोजन भरलेला असतो त्यामुळे आतून वाफ धरत नाही. बाहेरून धरते, एसीच्या खोलीतून एकदम बाहेर काढली की काच पांढरी होते आणि नेमका तेव्हाच पक्षी समोर असतो, म्हणून रात्री ती एसी नसलेल्या जागी ठेवायची. सोबत सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे ओलावा ओढून गुलाबी झाले की तापवून परत निळे होतात, पण ते काम स्वयंपाकाच्या तव्यावर करायचं नाही. डासांचं क्रीम लावून दुर्बिणीला हात लावायचा नाही हेही मी शिकलेय, त्यातलं डीट नावाचं रसायन प्लास्टिक आणि रबर खातं.

आणि खरं कारण सांगू का? मागच्या उंबरावर राखी धनेशाची जोडी येते ती तुम्ही रोज सकाळी गॅलरीतून बघता. ती दुर्बीण तिथेच हवी.

मी जातेय तेसुद्धा धनेशासाठीच. बोर्निओत धनेशाच्या आठ जाती आहेत आणि किनाबटांगन नदीत पहाटे बोटीतून हळूहळू गेलं की त्या आठही दिसू शकतात, त्यातला गेंडा-धनेश म्हणजे चोचीवर लालकेशरी वर वळलेलं शिंग. मादी झाडाच्या ढोलीत बसते, तोंड लिंपून घेते आणि फक्त एक फट ठेवते, नर तिला त्या फटीतून महिनोन् महिने फळं भरवतो. आई, गेल्या वर्षी तुझा पाय मोडला होता तेव्हा बाबा तुला चहा-पोळी खाटेवर आणून द्यायचे ना, तेव्हा मला सारखी तीच ढोली आठवायची.

खाण्याचं बघ, कंदी पेढे देऊ नकोस, खवा त्या हवेत टिकणार नाही. शेंगदाण्याची चटणी दे, कोरडी, छोट्या डबीत. औषधं, ओआरएस, टॉर्च, तीन चौकोनी पिनांचा प्लग, पॉवर बँक हातातल्या बॅगेत, सगळं झालंय. मलेरिया-डेंग्यूचं डॉक्टरांना विचारून घेतलंय. तिकडचं घड्याळ अडीच तास पुढे आहे, तेव्हा तुमच्या साडेसहाला फोन करीन, पण आत जंगलात दोन-तीन दिवस रेंज मिळेलच असं नाही, फोन नाही आला तर घाबरू नका.

आता माझं काम. आई, तिथे जळवा आहेत, आपल्या कोयनेकडच्या पावसात असतात तशा जमिनीवर आणि शिवाय टायगर लीच म्हणून एक पट्ट्यांची जात, ती कमरेएवढ्या उंचीवरच्या पानांवर बसून वाट बघते. त्यासाठी गुडघ्यापर्यंतचे कापडी मोजे लागतात, बुटाच्या आत घालायचे, विणलेले चालत नाहीत कारण विणीतून जळू आत शिरते. बाजारात मिळतात, पण मला तुझ्या मशीनवरचे हवेत. घट्ट पोताचं मांजरपाट घे, शिवण दुहेरी घाल, वर इलॅस्टिक नको, नाडी घाल, आवळता येते. दोन जोड. पावलाची लांबी साडेनऊ इंच, पोटरीचा घेर चौदा, टाचेपासून गुडघ्यापर्यंत सतरा, पँट आत खोचायची आहे म्हणून दोन इंच सैल ठेव. शनिवारी साताऱ्याला येते, तेव्हा घालून बघू.

तुमची,
मनू