कढईला झाकण विचारणाऱ्या दादांना

नमस्कार दादा,

गणपतीची चवथ तोंडावर आली की तुम्हाला दारोदार सिलिंडर पोचवताना श्वास घ्यायलाही सवड नसते. तरी डिचोलीतल्या आमच्या घरी तुम्ही थांबलात. सांध्याला साबणाचा फेस लावून पाहिलात, नळीवर छापलेली मुदत वाचून ती बदलायला सांगितलीत. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून जमिनीवरची समई स्वयंपाकघरात नको म्हणालात. देव्हारा हलवायचा यावरून सासूबाई दोन दिवस घुश्शात होत्या. आता देव माजघरात आहेत.

पण हे पत्र आहे ते झाकणासाठी. नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, मोठी कढई बघून तुम्ही विचारलंत, "हिचं झाकण खंय?" आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. वर्षातून एकदा माळ्यावरून उतरणाऱ्या कढईला झाकण असतं कुठे? तुम्हीच भाताच्या टोपाचं ॲल्युमिनियमचं झाकण त्यावर ठेवून पाहिलंत. नीट बसलं. "तेलाक उजो लागल्यार उदक घालूं नाकात, धांपून दवरात," म्हणजे तेल पेटलं तर पाणी घालू नका, झाकून ठेवा, इतकं बोलून गाडीकडे पळालात.

चवथीच्या आदल्या रात्री नेवऱ्या तळताना वीज गेली. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधणाऱ्यांना बॅटरी द्यायला जाऊबाई ओसरीवर गेल्या, तेवढ्यात तेल धुरकटून पेटलं. ज्वाळा कपाटाला टेकू बघत होत्या. पुतण्या पाण्याची कळशी घेऊन धावला. पाणी तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होतं, साधारण सतराशे पट फुगतं आणि पेटतं तेल चौफेर उडवतं. जाऊबाईंनी त्याला ओरडून दारातच थांबवलं, बटण बंद केलं आणि शेजारी ठेवलेलं झाकण बाजूने सरकवत कढईवर ओढलं. आग बसली. कढई पार गार होईपर्यंत त्यांनी कुणाला झाकणाला हात लावू दिला नाही. गरम तेलाला हवा मिळाली की ते पुन्हा पेटतं. कपाटाचा रंग तेवढा काळवंडला. तो तसाच राहू द्या, असं सासूबाईंचं म्हणणं.

अग्निशामक दलाचा १०१ आणि गॅसगळतीचा १९०६ आता ओट्याशेजारच्या भिंतीवर खडूने लिहिले आहेत. नळीही बदलली.

सिलिंडर पोचवण्याचे पैसे तुम्हाला मिळतात. कढईचं झाकण शोधण्याचे कुणी देत नाही. मनापासून आभार, दादा. दुसऱ्या दिवशी पहाटे नव्या तेलात तळलेल्या नेवऱ्यांचा डबा तुमच्यासाठी काढून ठेवला आहे, पुढच्या खेपेला न विसरता न्या.

तुमची,
डिचोलीची एक वहिनी