स्टेरॉइड घेणाऱ्या मुलांना कार्ड द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी तालुक्याच्या गावी लहान मुलांचा डॉक्टर आहे. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने रक्ताभिसरण कोलमडलेल्या अवस्थेत, जाणाऱ्या मुलांमध्ये एक छोटा गट असा आहे, की त्यांना सलाइन आणि अँटिबायोटिकइतकीच हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडच्या इंजेक्शनची गरज असते, आणि नेमके तेच राहून जाते. त्यांच्यासाठी हे पत्र.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर अॅड्रिनल ग्रंथी असतात. मोठा जंतुसंसर्ग झाला की त्या कॉर्टिसॉल हे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड वाढवतात आणि रक्तदाब तग धरतो. लघवीतून प्रथिने वाहून जाण्याच्या आजाराच्या, म्हणजे नेफ्रोटिक सिंड्रोमच्या मुलाला मात्र प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांचा पहिला कोर्सच साधारण 12 आठवड्यांचा असतो. आजार उलटला की पुन्हा गोळ्या. इतके दिवस स्टेरॉइड बाहेरून मिळाले की ग्रंथी काम सोडतात, आणि गोळ्या थांबल्यावरही सावरायला कधी कधी कित्येक महिने घेतात. ज्यांना जन्मतःच अॅड्रिनलचा दोष आहे, त्यांच्याकडे तर कॉर्टिसॉल मुळातच अपुरे.

असे मूल रात्री येते तेव्हा हातपाय गार पडलेले असतात, मनगटाची नाडी लागत नाही, नख दाबून सोडले तर रंग लवकर परतत नाही. सलाइन जाते, रक्तदाब वाढवणारे अॅड्रिनॅलिन सुरू होते, तरी रक्तदाब हलत नाही. मग विचारल्यावर आई पिशवीतून गोळ्यांची स्ट्रिप काढते. "उलट्या होत होत्या ना, म्हणून दोन दिवस दिलीच नाही." विचारले नाही, तर हे कळतच नाही. साखर आणि सोडियमही अशा वेळी घसरलेले असू शकते.

सेप्टिक शॉकच्या प्रत्येक मुलाला स्टेरॉइड द्या, असे माझे म्हणणे मुळीच नाही. सेप्सिसच्या उपचारांसाठीच्या 'सर्व्हायव्हिंग सेप्सिस' या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या 2020 च्या बालरुग्णांसाठीच्या शिफारशी सांगतात, की सलाइन आणि रक्तदाबाच्या औषधांनी मूल सावरत असेल तर हायड्रोकॉर्टिसोन देऊ नये. सावरत नसेल तर निर्णय डॉक्टरवर सोडलेला आहे, कारण पुरावा तोकडा आहे. प्रौढांमध्येही 2018 च्या दोन मोठ्या चाचण्यांचे मृत्यूबाबतचे निष्कर्ष जुळले नाहीत. पण ज्यांच्या अॅड्रिनल दबलेल्या आहेत, त्यांच्याबाबत हा वादच नाही. कॉर्टिसॉलच्या रिपोर्टची वाट पाहत बसायचे नसते. पहिला डोस वयावर ठरतो: 3 वर्षांच्या आत 25 मिलिग्रॅम, 12 वर्षांपर्यंत 50, पुढे 100. 100 मिलिग्रॅमची एक कुपी पुरते.

साहेब, ग्रामीण रुग्णालयातला तरुण वैद्यकीय अधिकारी हा डोस द्यायला कचरतो, कारण त्याच्यामागे लेखी आदेश नाही. मुलाला जिल्ह्याला पाठवण्याआधीच तो डोस द्यावा, असा आदेश आपल्या खात्याने काढावा. कुपी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आणि 108 च्या गाडीत हवी.

आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या प्रत्येक मुलाला कार्ड द्यावे. सिकलसेलच्या रुग्णांना आपण कार्ड देतोच. यावर औषधाचे नाव, डोस, सुरू केल्याची तारीख, आणि ठळक अक्षरांत एवढेच: गोळी अचानक बंद करू नका; उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल तर लगेच दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्या. कार्ड मराठीत असावे. आदिवासी पट्ट्यात तिथल्या बोलीत, चित्रांसह.

आपला,
एक बालरोगतज्ज्ञ