बंद झालेल्या कारखान्याचा हिशेब

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझा शाळेच्या बाकांचा कारखाना बंद करायचं पक्कं झालं, हे तू कळवलंस. त्यानंतर फोनवर तू मोकळेपणानं बोलत नाहीस. कशी आहेस विचारलं की "बरी आहे" म्हणतेस आणि फोन ठेवतेस. म्हणून हे पत्र. पत्र वाचताना लगेच काही उत्तर द्यावं लागत नाही, आणि तुला सध्या तेवढी सवड हवी आहे असं मला वाटतं.

अपयश ही यशाची पहिली पायरी, असं या दिवसांत तुला अनेकांनी सांगितलं असेल. ते प्रेमापोटीच सांगतात. पण मी नोकरीची सगळी वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात घालवली. त्यात भरभराटीचे धंदे पाहिले तसे बुडालेलेही पाहिले, आणि बुडालेल्या धंद्याचा प्रत्येक मालक पुढे शहाणा झालेला मला दिसला नाही. काही जण खरोखर वर आले. काहींनी नाव बदलून तोच धंदा पुन्हा थाटला आणि पुन्हा त्याच कारणानं गुंडाळला. अपयश आलं म्हणून कुणी आपोआप शिकत नाही. त्याच्यासमोर बसावं लागतं, आणि ते बसणं फार जड जातं.

का जड जातं, याचं एक चांगलं उत्तर मला शिकागो विद्यापीठातल्या लॉरेन एस्क्रिस-विंकलर आणि आयेलेट फिशबाख यांच्या 2019च्या अभ्यासात सापडलं. त्यांनी लोकांना दोनच पर्याय असलेले प्रश्न दिले. एका गटाला ज्या प्रश्नांची उत्तरं बरोबर आली ते सांगितलं, दुसऱ्या गटाला ज्यांची चुकली ते. आता पर्याय दोनच असतील तर "चुकलं" हे कळल्यावर बरोबर उत्तर आपसूकच कळतं. माहिती दोन्ही गटांना सारखीच मिळाली. तरी पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा चुका कळलेले लोक कमी शिकलेले निघाले. चूक मनाला लागली की माणूस तिकडे लक्षच देईनासा होतो. मला जास्त मोलाचं वाटलं ते पुढचं. तीच चूक दुसऱ्या कुणाची म्हणून दाखवली, तर लोक तिच्यातून व्यवस्थित शिकले.

माझं तुला एकच सांगणं आहे आणि ते इथून निघतं. या कारखान्याचा हिशेब परक्या माणसाचा असल्यासारखा वाच.

तू म्हणतेस, मोठ्या ग्राहकानं पैसे अडकवले म्हणून आपण बुडालो. खोटं नाही ते. त्यानं वाईट केलं आणि त्याचा राग मलाही आहे. पण हीच फाइल दुसऱ्या कुणाची म्हणून माझ्या टेबलावर आली असती, तर मी पहिला प्रश्न विचारला असता की निम्म्याहून जास्त विक्री एकाच ग्राहकाकडे कशी गेली? कधीपासून? त्याची पहिली थकबाकी मुदतीबाहेर गेली तेव्हा पुढचा माल पाठवायचा निर्णय कुणी घेतला आणि त्या वेळी समोर काय माहिती होती? तारखा काढ, बाळा. बिलांच्या, बँकेच्या, माल पाठवल्याच्या. आपली आठवण आपल्याला सोयीचं तेवढं ठेवते. तारखा तसं करत नाहीत.

दुसरी गोष्ट. तुझं नफा-तोटा पत्रक शेवटच्या वर्षापर्यंत नफाच दाखवत होतं. तू ते मला मोठ्या अभिमानानं दाखवलं होतंस आणि तुझा तो अभिमान योग्यच होता, माल उत्तम होता तुझा. पण धंदा कागदावरच्या नफ्यावर चालत नाही, हातात येणाऱ्या रोकडीवर चालतो. लाकूडवाल्याचे पैसे महिन्यात द्यायचे, कामगारांचा पगार दर महिन्याला, आणि शाळांकडून बाकांचे पैसे येणार चार-पाच महिन्यांनी. मधल्या काळाचा सगळा भार खेळत्या भांडवलावर. अशा धंद्यात ऑर्डर दुप्पट झाली की अडकणारे पैसेही दुप्पट होतात. वाढणारा धंदाच जास्त भुकेला असतो, आणि ऑर्डरी वाढताहेत या आनंदात ते मालकाच्या ध्यानात येत नाही. मी तपासलेल्या बंद धंद्यांत माल वाईट म्हणून बंद पडलेले थोडे होते. येणी वेळेवर न आल्यानं, उधारीचं गणित न मांडल्यानं गेलेले पुष्कळ. तेव्हा "माझ्यात काही कमी आहे" हा निष्कर्ष काढण्याआधी येणी आणि देणी यांच्या मुदती एका कागदावर शेजारी शेजारी मांड. तुझ्या त्रासाचा बराच भाग तुला तिथे आकड्यांत दिसेल, आणि आकड्यांत दिसलेली गोष्ट दुरुस्त करता येते.

हे वाचताना स्वतःवर अन्यायही करू नकोस. निकाल वाईट लागला म्हणून मागचा प्रत्येक निर्णय वाईट होता असं नसतं. दुसरं यंत्र घ्यायचा निर्णय बघ. त्या दिवशी हातात पक्क्या ऑर्डरी होत्या, कर्जाचा हप्ता झेपणारा होता. मी तरी तो निर्णय चूक म्हणणार नाही, पुढे जे झालं ते झालं. उलट एखादा निर्णय नशिबानं तरून गेला असेल, आणि तू तो यशाच्या रकान्यात लिहून ठेवला असशील. तोही बाहेर काढ. प्रत्येक निर्णयाला एकच कसोटी लाव. त्या दिवशी जेवढं ठाऊक होतं तेवढ्यावर तो शहाणपणाचा होता का?

पण हा सगळा हिशेब नंतरचा. आधी माणसं.

1865 साली अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं आणि युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव कोसळले. जमशेटजी टाटा तेव्हा पंचविशीच्या आसपासचे होते आणि पेढीच्या कामासाठी लंडनमध्ये होते. कापसाच्या भरवशावरच्या हुंड्यांना काही किंमत उरली नाही. त्या परक्या शहरात त्यांनी तोंड लपवलं नाही. ते धनकोंपुढे गेले आणि पेढीची होती तशी स्थिती मांडली. त्या लोकांचा त्यांच्यावर इतका विश्वास बसला की पेढीचा व्यवहार मिटवण्याचं काम त्यांनी जमशेटजींकडेच पगारावर सोपवलं. पुढे 1877मध्ये नागपूरची एम्प्रेस मिल उभी राहिली, तो भाग सगळ्यांना माहीत असतो. मला स्वतःला लंडनचा भाग मोठा वाटतो. बुडत्या माणसाकडे पैसा नसतो, पण शब्द असतो, आणि तो कसा वापरायचा हे त्याच्याच हातात असतं.

म्हणून लाकूडवाल्यांना, सुतारांना, बँकेला तू स्वतः भेट. फोन टाळू नकोस. किती देणं आहे, किती देऊ शकतेस, कधी देऊ शकतेस, हे लेखी दे. जे जमणार नाही ते कबूल करू नकोस. तुटलेला वायदा थकलेल्या पैशापेक्षा जास्त बोचतो. सगळ्यांत आधी कामगारांचे पगार. त्यांच्या घरचं महिन्याचं गणित तुझ्या शब्दावर उभं होतं. त्यांना नवीन काम शोधायला ओळखी लागतील, शिफारसपत्रं लागतील. ती त्यांनी मागण्याआधीच तू द्यावीस असं मला फार वाटतं.

आता चिकाटीचं. तू विचारलं नाहीस, पण तुझ्या मनात हाच प्रश्न घोळत असणार. पुन्हा उभं राहायचं की सोडून द्यायचं?

जेम्स डायसन यांची गोष्ट तू ऐकली असशील. पिशवीविना चालणारा व्हॅक्यूम क्लीनर जमेपर्यंत त्यांनी 5,127 नमुने बनवले, त्यातले शेवटचा सोडून सगळे फसले. लोक हा आकडा हट्टाचा म्हणून सांगतात. पण ते एका वेळी एकच गोष्ट बदलत गेले, म्हणजे नमुना का फसला ते कळायचं आणि पुढचा नमुना त्या कळण्यावर उभा राहायचा. नुसता हट्ट असता तर पाच हजारावा नमुना पहिल्यासारखाच फसला असता. आणि भाषणांत सहसा न येणारी गोष्ट अशी की त्या वर्षांत त्यांच्या पत्नी डिअड्री चित्रकला शिकवत होत्या आणि घराला त्या कमाईचा आधार होता. प्रत्येक लांब चिकाटीच्या मागे कुणीतरी घरखर्च उचललेला असतो. ही गोष्ट उघडपणे बोलली जावी असं मला वाटतं, कारण ज्यांच्यामागे असं कुणी नसतं ते लवकर थांबले तर लोक त्यांना कच्चे ठरवतात. तुझ्यामागे आम्ही आहोत. तुझी खोली तुझीच आहे, पुढचं ठरेपर्यंत घरभाड्याची काळजी तू करू नकोस, आणि हे उपकार म्हणून मनात नोंदवू नकोस.

एडिसन यांच्या दिव्याची गोष्ट सगळे सांगतात. मला त्यांची लोखंडाची गोष्ट जास्त उपयोगी वाटते. 1890च्या दशकात त्यांनी न्यू जर्सीतल्या ऑग्डेन्सबर्गजवळ कमी प्रतीच्या खनिजातून चुंबकानं लोखंड वेगळं काढण्याचा प्रचंड कारखाना उभारला. वर्षानुवर्षं पैसा ओतला, स्वतःजवळची मोठी गुंतवणूक विकली. यंत्रं अखेर चालायला लागली. पण तोवर मेसाबी डोंगररांगेतलं भरपूर आणि उच्च प्रतीचं खनिज बाजारात येऊन भाव पडले होते. कारखाना चालवणं परवडेना. त्यांनी तो सोडला, पण दगड भरडण्याच्या कामात जे कमावलं होतं ते सोडलं नाही. अजस्र रोलर कसे फिरवायचे, माल माणसाचा हात न लागता पुढे कसा सरकवायचा, हे ज्ञान घेऊन ते सिमेंटकडे वळले आणि 1899मध्ये त्यांची सिमेंट कंपनी निघाली. लोखंडावर अडून बसले असते तर चिकाटी दिसली असती, आणि उरलंसुरलंही गेलं असतं.

त्याच 2019 साली 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात संशोधन निधीचे अर्ज, नवउद्योग अशा निरनिराळ्या क्षेत्रांतल्या अपयशांच्या मालिका तपासल्या होत्या. शेवटी यश मिळालेले आणि न मिळालेले यांच्या प्रयत्नांची संख्या फारशी वेगळी नव्हती. यश मिळालेले लोक आधीच्या प्रयत्नातलं जमलेलं तेवढं उचलून पुढे नेत होते, आणि त्यांचा पुढचा प्रयत्न दर वेळी जास्त लवकर होत होता. बाकीचे दर वेळी पाटी पुसून पहिल्यापासून सुरुवात करत होते. ते वाचताना मला तू आठवलीस. तुला पाटी पुसायची सवय आहे, लहानपणापासून. चित्राची एक रेघ चुकली की कागद फाडायचीस.

तेव्हा यातलं काय जमलेलं होतं, ते लिहून काढ. मुलांच्या उंचीप्रमाणे बाकं बनवायची तुझी पद्धत चांगली होती, शाळा परत परत मागवत होत्या. तुझे सुतार तुझ्याकडे टिकले. लाकडाची पारख तुला आली. न जमलेलं म्हणजे उधारी, एका ग्राहकावरचं अवलंबणं, आणि सगळं एकटीनं ओढणं. ही यादी समोर असली की पुन्हा कारखानाच काढायचा, की आराखडे आपले आणि बनवणारे दुसरे अशी व्यवस्था करायची, की काही वर्षं कुणाकडे नोकरी करून पैशाची बाजू शिकून घ्यायची, हे ठरवणं सोपं जाईल. मला यातलं काहीही चालेल. नोकरी केलीस तर तू हरलीस असं मी मानणार नाही, आणि कुणाला माझ्यासमोर तसं बोलू देणार नाही.

अमेरिकेत निधीसाठी अर्ज करून अगदी थोडक्यात हुकलेल्या तरुण शास्त्रज्ञांचाही असाच एक अभ्यास झाला होता. त्यात टिकून राहिलेले पुढच्या दहा वर्षांत थोडक्यात निधी मिळवलेल्यांपेक्षा सरस निघाले. हे ऐकून बरं वाटतं. पण निधी मिळालेल्यांच्या तुलनेत हुकलेल्यांपैकी जास्त जण ते क्षेत्र सोडूनही गेले होते. त्यांचं पुढे काय झालं असेल याचा मी बराच विचार केला. त्यांतले अनेक जण दुसरीकडे चांगलं काम करत असतील, सुखात असतील. त्यांना पळपुटे म्हणायला माझं मन तयार होत नाही. सोडायचं असेल तर पूर्ण हिशेब वाचून सोड, धरायचं असेल तरी तसंच. रागाच्या किंवा लाजेच्या भरात यातलं काहीच करू नकोस.

आणि झोप नीट घे. तू रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असतेस हे मला मेसेजच्या वेळांवरून कळतं. थकलेल्या डोक्यानं माणूस स्वतःबद्दल जे ठरवतो ते फार कठोर असतं. हिशेबाचं काम सकाळी कर, थोडं थोडं. सलग बसू नकोस. एखाद्या पानाशी फारच जड वाटलं तर वही मिटून मला फोन कर, आपण दुसऱ्याच कशावर बोलू.

शनिवारी बाबा आणि मी तुझ्याकडे येतोय. येताना मी ताळेबंदाचे कोरे तक्ते आणते. तू एवढंच करून ठेव. कामगारांच्या थकलेल्या पगाराची नावनिशीवार यादी, बँकेचा शेवटच्या दोन वर्षांचा खातेउतारा, आणि त्या मोठ्या ग्राहकाशी झालेला सगळा पत्रव्यवहार तारखेनुसार लावून. त्याच्याकडच्या वसुलीसाठी वकिलांना भेटायचं आहे, आणि त्यांना तोंडी काही चालत नाही. मुदत उलटायच्या आत नोटीस जायला हवी, म्हणून पगारांच्या खालोखाल तेच काम हाती घेऊ.

तुझी,
आई