कळा सुरू होण्याची वाट पाहू नका: एचआयव्ही, आई आणि बाळ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जागतिक एड्स दिनानिमित्त आपल्या आरोग्य पुरवणीत आईकडून बाळाला होणाऱ्या एचआयव्ही संसर्गावर लेख आला. या विषयाला वर्तमानपत्रात सहसा जागा मिळत नाही, ती आपण दिलीत, याबद्दल मनापासून आभार. पण त्यातल्या एका वाक्यामुळे हे पत्र लिहावे लागते आहे. ‘प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यावर आईला एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला औषधाचे थेंब दिले की संसर्गाचा धोका निम्म्यावर येतो,’ असे ते वाक्य आहे. हे खोटे नाही. मात्र ही १९९९ सालची माहिती आहे आणि आज ती वाचून एखादी गरोदर बाई ‘म्हणजे कळा येईपर्यंत थांबले तरी चालेल’ असे समजली, तर तिच्या बाळाचे नुकसान होऊ शकते.

मराठवाड्यातल्या सरकारी रुग्णालयांत स्त्रीरोग व प्रसूती विभागात माझी नोकरी झाली. ती एक गोळी मी स्वतः शेकडो बायकांना दिली आहे, म्हणून तिची पूर्ण हकीकत सांगते.

काहीच उपचार केले नाहीत, तर गरोदरपण, प्रसूती आणि अंगावरचे दूध मिळून शंभरांतल्या १५ ते ४५ बाळांना संसर्ग होतो. औषधाने हे थांबवता येते, हे पहिल्यांदा १९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या अभ्यासातून कळले. गरोदरपणात झिडोव्हुडिनच्या गोळ्या, प्रसूतीच्या वेळी तेच औषध सलाईनमधून आणि बाळाला सहा आठवडे पातळ औषध, एवढे केल्यावर संसर्गाचे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आले. पण हे महाग होते आणि तालुक्याच्या दवाखान्यात जमण्यासारखे नव्हते. थायलंडने हेच औषध शेवटच्या महिन्यात, फक्त तोंडाने देऊन पाहिले. तिथे आईचे दूध न पाजता प्रमाण १८.९ वरून ९.४ टक्क्यांवर आले. १९९९ मध्ये युगांडातल्या कंपालाहून नेव्हिरापिनची बातमी आली. आईला कळा सुरू होताच २०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि बाळाला तीन दिवसांच्या आत एक डोस. एवढ्यावर चौदा ते सोळा आठवड्यांच्या वयापर्यंतचा संसर्ग २५.१ ऐवजी १३.१ टक्के बाळांत दिसला. तोही दूध पाजणाऱ्या आयांमध्ये. खर्च नगण्य, आणि खेड्यातली सिस्टरसुद्धा देऊ शकेल असा उपाय. भारतातल्या सरकारी कार्यक्रमाने तोच उचलला. त्या काळात ते योग्यच होते आणि त्या गोळीने आपल्याकडची हजारो मुले वाचवली, यात मला शंका नाही.

मग ती गोळी का सोडली? नेव्हिरापिन शरीरातून फार हळू जाते. एका गोळीनंतर दोन-तीन आठवडे ते रक्तात थोडे थोडे रेंगाळते. विषाणू मारण्याइतके ते उरत नाही. मात्र त्याची सवय झालेले विषाणू निवडून वाढायला तेवढे पुरते. त्यामुळे बऱ्याच आयांच्या शरीरात या औषधाला दाद न देणारा विषाणू तयार झाला. पुढे त्यांना स्वतःच्या उपचारासाठी नेव्हिरापिन असलेले औषध लवकर सुरू केले, तर ते नीट लागू पडेना. बाळासाठी दिलेल्या गोळीची किंमत आईने मोजायची, असा हा व्यवहार होता, आणि तो मला तेव्हाही टोचत असे. शिवाय एचआयव्हीच्या दुसऱ्या प्रकारावर, म्हणजे एचआयव्ही-२ वर, नेव्हिरापिन चालतच नाही. आपल्याकडे, विशेषतः मुंबई-गोवा पट्ट्यात, हा प्रकार आढळतो.

बाळाला अधिक दिवस औषध देऊन पाहण्याचे काम पुण्यातही झाले. इथिओपिया, युगांडा आणि पुणे अशा ठिकाणच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. बाळाला एका डोसऐवजी सहा आठवडे नेव्हिरापिन दिल्यावर सहाव्या आठवड्यातला संसर्ग ५.३ वरून २.५ टक्क्यांवर आला. पण सहा महिन्यांनी फरक पुसट झाला, ९ आणि ६.९ टक्के. औषध सहा आठवड्यांनी थांबले, दूध पाजणे मात्र चालू राहिले. म्हणजे फक्त बाळाला सांभाळून भागत नाही, आईच्या रक्तातला आणि दुधातला विषाणूच दाबला पाहिजे, हे स्पष्ट झाले.

हे काम तीन औषधांचा एकत्रित उपचार करतो, ज्याला आपण एआरटी म्हणतो. मलावीने २०११ मध्ये धाडसी निर्णय घेतला: गरोदर बाईला एचआयव्ही आढळला की प्रतिकारशक्तीच्या (सीडी-४) पेशी मोजत बसायचे नाही, तिला तीन औषधे लगेच सुरू करायची आणि ती आयुष्यभर चालू ठेवायची. पेशी मोजायची यंत्रे त्यांच्याकडे नव्हती आणि बायकांची बाळंतपणे पाठोपाठ होत होती, या अडचणीतून निघालेली ही वाट पुढे जगाने स्वीकारली. भारतात १ जानेवारी २०१४ पासून देशभर हेच धोरण आहे. आपल्या लेखात याचा उल्लेख हवा होता.

जुनी आणि नवी पद्धत समोरासमोर ठेवून तुलना करणारा मोठा अभ्यास सात देशांत झाला, त्यातही पुणे होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत झिडोव्हुडिन आणि नेव्हिरापिनच्या जोडीने १.८ टक्के बाळांना, तर तीन औषधांनी फक्त ०.५ टक्के बाळांना जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत संसर्ग झाला. तीन औषधे घेणाऱ्यांत कमी वजनाची बाळे जास्त जन्मली, हेही त्यात नोंदले आहे आणि ते लपवू नये. त्यासाठीच या आयांचे वजन, रक्तदाब, सोनोग्राफी यांकडे जास्त लक्ष हवे. पण म्हणून औषध टाळायचे, असा अर्थ कोणी काढू नये.

त्या वेळी आपल्याकडे टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि एफाव्हिरेंझ यांची एकत्र गोळी होती. झोपताना घेतली तरी बायकांना गरगरायचे, भलतीसलती स्वप्ने पडायची. आता एफाव्हिरेंझच्या जागी डोलुटेग्रॅव्हिर आले आहे. माझ्या मते हा बदल सगळ्यांत महत्त्वाचा, कारण हे औषध विषाणू फार झपाट्याने खाली आणते. भारतासह नऊ देशांतल्या अभ्यासात प्रसूतीच्या वेळी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचे प्रमाण, मिलिलिटरमागे २०० च्या खाली असलेल्या आया डोलुटेग्रॅव्हिर गटांत ९८ टक्के, तर एफाव्हिरेंझ गटात ९१ टक्के होत्या. खरा फरक उशिरा आलेल्या बायकांत दिसतो. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात शेवटच्या तिमाहीत औषध सुरू केलेल्यांपैकी डोलुटेग्रॅव्हिरवर ७४ टक्के आयांचा विषाणू प्रसूतीपर्यंत जवळजवळ दिसेनासा झाला, एफाव्हिरेंझवर ४३ टक्क्यांचाच. आठव्या महिन्यात पहिल्यांदा नाव नोंदवायला येणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या दोन आकड्यांचे मोल कळेल.

डोलुटेग्रॅव्हिरबद्दल २०१८ मध्ये बोट्स्वानामधून एक भीती आली होती. ते घेत असताना गर्भ राहिलेल्या ४२६ बायकांपैकी चौघींच्या बाळांना पाठीच्या कण्याचा किंवा मेंदूचा जन्मदोष होता. पण पुढे हजारो बाळंतपणांची नोंद झाली, तसे ते प्रमाण इतर औषधांच्या जवळ आले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सर्वांसाठी हे औषध सुचवले. तरीही कोणी अजून घाबरवत असेल, तर ऐकू नका.

या सगळ्या तुलनेतून मला एकच गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. आजच्या औषधांत कोणते चांगले, हा वाद आता फारसा उरलेला नाही. बाळाचे भवितव्य ठरते ते औषध कधी सुरू झाले आणि मध्ये तुटले की नाही यावर. फ्रान्समध्ये गर्भधारणेच्या आधीपासून उपचार घेणाऱ्या आणि प्रसूतीच्या वेळी विषाणू दबलेला असलेल्या २,६५१ आयांपैकी एकीच्याही बाळाला संसर्ग झाला नाही. तिथे आया अंगावर पाजत नाहीत, हे खरे. पण अंगावर पाजणाऱ्या आयांमध्येही, आई किंवा बाळ नियमित औषधावर असेल तर, सहा महिन्यांत ०.३ आणि वर्षभरात ०.६ टक्के इतकाच संसर्ग दिसला आहे. श्रीलंका, मालदीव, थायलंड, मलेशिया या देशांना हा संसर्ग जवळपास संपवल्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आहे. ज्या गोळ्या त्यांच्याकडे आहेत, त्याच आपल्या एआरटी केंद्रात फुकट मिळतात.

मग आपल्याकडे गाडी अडते कुठे? मी पाहिले ते सांगते. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते. तिचे एआरटी केंद्र सासरच्या जिल्ह्यात. माहेरच्यांना आजार सांगितलेला नसतो, गोळ्यांची बाटली सामानात ठेवायचीही भीती. नेमक्या त्याच दोन महिन्यांत औषध सुटते. आमच्या भागातल्या ऊसतोड जोडप्यांचे याहून अवघड. मुकादमाची उचल घेतली की गरोदर असली तरी बाई कोयता घेऊन निघते, ती दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत कोपीत राहते आणि फडातून दवाखान्यासाठी खाडा करायचा तर मजुरी कापली जाते. अशा बाईला निघण्यापूर्वी काही महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या पाहिजेत आणि कारखान्याच्या परिसरातले केंद्र कोणते, हे कागदावर लिहून दिले पाहिजे. दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रात गोळ्या मिळण्याची सोय आहे, पण ती तिला कोणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक गरोदर बाईला लागू पडते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या रिकाम्या पोटी डोलुटेग्रॅव्हिरसोबत घेतल्या, तर डोलुटेग्रॅव्हिर नीट शोषले जात नाही. एकतर जेवणासोबत सगळ्या एकदम घ्याव्यात, नाहीतर डोलुटेग्रॅव्हिर आधी घेऊन दोन तासांनी लोह-कॅल्शियम घ्यावे. लोह आधी घेतले असेल तर सहा तास थांबावे. आशाताई आणि सिस्टर मनापासून लोहाच्या गोळ्या देतात, एआरटी केंद्र त्याच्या गोळ्या देते, पण या दोन गोळ्यांचे एकमेकींशी काय नाते आहे, हे बाईला सांगण्याचे काम मधल्या मध्ये राहून जाते. आपल्या पुरवणीत चार ओळींची चौकट छापली तरी मोठे काम होईल.

आणि पहिली चाचणी निगेटिव्ह आली म्हणून विषय संपत नाही. नवऱ्याला संसर्ग असेल आणि त्याची चाचणीच झाली नसेल, तर गरोदरपणात किंवा दूध पाजण्याच्या काळात बाईला नव्याने संसर्ग होऊ शकतो. नव्या संसर्गात विषाणू सर्वांत जास्त असतो, म्हणून बाळाला धोकाही सर्वांत जास्त. दोघांची चाचणी हवी, आणि जोखीम असेल तर शेवटच्या तिमाहीत पुन्हा हवी.

काही खासगी दवाखान्यांत आजही एचआयव्ही म्हटले की सिझेरियनच, आणि अंगावर पाजायचे नाहीच, असे सांगितले जाते. आई औषध नियमित घेत असेल तर केवळ एचआयव्हीसाठी सिझेरियनची गरज नसते. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, वरचे दूध मध्ये मिसळू नये. बाळाला जन्मापासून नेव्हिरापिनचे पातळ औषध किमान सहा आठवडे, आणि आईचा व्हायरल लोड जास्त असेल तर दोन औषधे. सहाव्या आठवड्यात बाळाची पहिली चाचणी. एचआयव्ही आहे म्हणून दाखल करून घ्यायला नकार देणे तर २०१७ च्या कायद्याने बंदी घातलेला भेदभाव आहे. तो कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, हे बायकांना आणि डॉक्टरांनाही माहीत असायला हवे.

आपल्याला एकच विनंती. दुरुस्ती कोपऱ्यात छापू नका. पुढच्या पुरवणीत त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा की गरोदरपण कळताच चाचणी करा, एचआयव्ही आढळला तर औषध लगेच सुरू करा, आणि माहेरी किंवा कारखान्यावर जाण्यापूर्वी गोळ्या सोबत घ्या. जवळच्या एआरटी केंद्राची माहिती देणारा १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांकही सोबत द्यावा.

माझे नाव छापू नये. गाव लहान आहे, आणि माझ्या नावावरून माझ्या रुग्ण कोण होत्या याचा अंदाज लोक लगेच बांधतील.

आपली नम्र,
एक निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ, बीड जिल्हा