सेटवर हुकूम माइकचा

एरंडवणे, पुणे

प्रिय अविनाश,

स. न.

कादंबरीची पहिली चार प्रकरणं वाचली. १९३६ सालचं पुणं, गावाबाहेरचा स्टुडिओ, कोल्हापूरहून कंपनीबरोबर आलेली माणसं, सगळं झकास उतरलंय. कंपनीचं नाव बदललंस, पण कोल्हापुरात १९२९ साली निघून १९३३ मध्ये पुण्याला आलेली कंपनी म्हणजे 'प्रभात', हे इकडे शाळकरी पोरही सांगेल.

गल्लत झालीये ती सेटवरच्या प्रसंगांत. तुझ्याकडे सगळे जण कॅमेऱ्याच्या तालावर नाचतात. मूकपटात ते शोभलं असतं. १९३१ च्या 'आलम आरा'नंतर, आणि आपल्याकडे १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'नंतर, कॅमेऱ्याची ती मिजास उतरली. बोलपटाच्या सेटवर हुकूम माइकचा. 'प्रभात'मध्ये ध्वनीचा कारभार खुद्द मालकांपैकी एक, विष्णुपंत दामले, बघत होते, यातच काय ते समज.

आधी टेकचा, म्हणजे शॉट एकदा घेण्याचा, क्रम नीट करून घे. घंटा वाजते, दाराबाहेरचा लाल दिवा लागतो, दारं बंद होतात, पंखे बंद होतात. चित्र आणि ध्वनी दोन वेगळ्या फिल्मवर, दोन वेगळ्या यंत्रांत चाललेले असतात आणि दोन्हींच्या मोटारींना एका वेगावर यायला काही क्षण लागतात. तो वेग आला की क्लॅप, मग 'ॲक्शन'. क्लॅपची फळी मिटताना दिसते ती चौकट आणि ध्वनिफिल्मवर 'टक' उमटतो ती जागा, या दोन्ही संकलनाच्या टेबलावर जुळवायच्या असतात. फळी चौकटीबाहेर राहिली तर ओठांच्या हालचालींवरून अंदाज बांधत बसायचं, आणि संकलक शिव्या घालणार.

तुझा दिग्दर्शक टेक झाल्याझाल्या त्यातला आवाज 'परत ऐकतो', ते काढून टाक. आवाज प्रकाशाच्या रेघांच्या रूपात फिल्मवर उमटायचा. ती फिल्म धुऊन, छापून येईपर्यंत तो कुणालाच ऐकू येत नसे. टेप आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धानंतरची. टेक चालू असताना ध्वनिमुद्रक कानाला हेडफोन लावून जे ऐकेल तोच निवाडा. म्हणूनच रश, म्हणजे धुऊन आलेली पहिली कच्ची प्रत, बघितल्याशिवाय सेट मोडत नाहीत. तुझे सुतार त्याच रात्री सेट पाडायला घेतात, त्यांना दोन दिवस थांबव.

आता गाणं. नायिका शॉट चालू असतानाच गाते असं तू ठरवलंयस, तर हिशेब पक्का ठेव. सेकंदाला २४ चौकटी आणि फुटाला १६, म्हणजे मिनिटाला ९० फूट. तीन मिनिटांच्या गाण्याला २७० फूट चित्राचे आणि तितकेच ध्वनीचे. शेवटच्या अंतऱ्यात स्वर चुकला की ५४० फूट कच्ची फिल्म वाया. कॅमेऱ्यावरचं फिल्मचं मॅगझीन ४०० फुटांचं धर, ते साडेचार मिनिटांच्या आतच संपतं. तुझं सहा मिनिटांचं पद एका दमात निघणारच नाही. मध्ये तोडावं लागेल आणि पुन्हा सुरू करताना तीच लय, तीच पट्टी धरावी लागेल, नाहीतर जोड कानाला खटकतो. हाताशी दोन कॅमेरे असतील तर एकाच गायनात लांबचा आणि जवळचा असे दोन्ही शॉट मिळतात. एकच असेल तर जवळच्या शॉटसाठी बाईंना पुन्हा गावं लागतं.

साथीदार चौकटीच्या अगदी बाहेर, झाडामागे, खांबामागे बसलेले. गायिका माइकजवळ, हार्मोनियम जरा दूर, तबला त्याहून मागे. आवाजांचं प्रमाण असं अंतरावरूनच ठरायचं, नंतर दुरुस्ती जवळपास नाहीच. तिने मान फिरवली तरी आवाज पडतो. जुन्या बोलपटांतली माणसं एका जागी उभी राहून गातात ती नाटकाची सवय म्हणून, असं आपण सहज म्हणून टाकतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. पाय माइकने बांधलेले होते.

सेटचं वर्णन तू डोळ्यांनी केलंयस, जरा कानांनी कर. लाकडी चौकटीवर ताणलेलं गोणपाट, त्यावर खळीने चिकटवलेला कागद, वर रंग. नक्षीला काथ्या घातलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस. दिसायला राजवाडा. पण 'दगडी' पायऱ्या आतून पोकळ लाकडाच्या असतात, त्यांवरून सेनापती उतरला की खोकी वाजतात. मग खाली गवत नाहीतर चिंध्या ठासायच्या, वर जाजम घालायचं आणि पाय दिसत नसतील तर अनवाणी चालवायचं. समोरासमोरच्या दोन कडक भिंती आवाज घुमवतात, म्हणून चौकटीत न येणाऱ्या बाजूला रजया टांगायच्या. पत्राचा कागद किंचित ओला करायचा, कोरडा असला की तो माइकमध्ये आगीसारखा तडतडतो. बांगड्या, पैंजण, नवी रेशमी साडी, सगळ्यांवर नजर ठेवायची. पत्र्याच्या छपरावर पाऊस आला तर काम बंद. पावसाळ्यात सेटचा रंगही लवकर वाळत नाही, तेव्हा ते प्रकरण जुलैत घातलंस तर उशिराचं कारण आयतंच मिळेल.

दिव्यांचंही तेच. कार्बनचे आर्क दिवे सूं-सूं करतात, म्हणून त्यांची जागा मोठ्या बल्बांनी घेतली. बल्बच्या उजेडात लाल जास्त, आणि जुन्या ऑर्थो फिल्मला लाल दिसतच नाही. तीवर कुंकू काळं, ओठही काळे. पॅनक्रोमॅटिक फिल्मला लाल कळतो, त्यामुळे बल्ब आणि ती फिल्म यांची जोडी जमली. तुझा रंगभूषाकार १९३६ मध्येही 'लाल काळं येईल' म्हणून घाबरतो, ते दहा वर्षांपूर्वीचं दुखणं आहे. त्याला घामाची काळजी करू दे. दारं बंद, पंखे बंद, डोक्यावर हजारो वॅटचे दिवे, त्यात एप्रिल. दर टेकनंतर पावडरचा पफ.

ज्या शॉटला आवाज नको तिथे मात्र कॅमेरा मोकळा सुटतो. पुराचा प्रसंग तिथे घे. गावाचं मॉडेल खऱ्याच्या एक सोळांश असेल तर कॅमेऱ्याचा वेग सोळाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे चौपट करायचा: सेकंदाला ९६ चौकटी. तरच पाणी जड पडतंय असं वाटतं. थेंब मात्र लहान होत नाहीत, तिथे खोटेपणा उघडा पडतो. तेव्हा मॉडेल मोठंच बांध, एक चतुर्थांशाला ४८ चौकटी पुरतात.

ध्वनीचा वापर नाट्यासाठी कसा होतो ते बघायचं असेल तर १९३७ चा 'कुंकू' पुन्हा बघ. पार्श्वसंगीत अजिबात नाही, नुसते रोजच्या जगण्यातले आवाज.

राहिली संकलनाची खोली. जोड लावताना फिल्मवरचा थर पात्याने खरवडायचा, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचं, दाबून धरायचं. ध्वनिपट्टीवर जोड आला की पडद्यामागून 'टप्' ऐकू येतं, म्हणून प्रतीवर तिथे काळ्या शाईचा तिरका त्रिकोण रंगवतात. आवाज हळूच मिटतो आणि हळूच उघडतो. आणि तुझा संकलक त्या खोलीत बिडी ओढतो, ती आधी विझव! फिल्म नायट्रेटची. पेटली की जळायला लागणारा प्राणवायू ती स्वतःच सोडते, पाण्याखालीही जळत राहते. कोपऱ्यातल्या वाळूच्या बादल्यांनी काही होत नाही. इथे पुण्यातच जानेवारी २००३ मध्ये फिल्म संग्रहालयाच्या नायट्रेटच्या साठ्याला आग लागली, त्यात 'प्रभात'च्याही फिल्म गेल्या.

पाचवं प्रकरण लिहून झालं की पाठव. त्यात फिल्म धुण्याची रसायनशाळा असेल तर उन्हाळ्यात पाणी गार ठेवायला बर्फ कोण आणतो, कुठून आणतो, तेवढं आधी ठरवून ठेव. पाणी कोमट झालं की फिल्मवरचा थर मऊ पडतो आणि ओरखडे उठतात.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर