होस्टाआधी ओक लावावा

महोदय,

न्यू जर्सीतील आम्हा मराठी कुटुंबांच्या अंगणांत सावलीच्या जागी सर्रास होस्टा लावला जातो; त्याची रुंद पाने मोकळी जागा लवकर भरून काढतात, हे मान्य. परंतु मूळच्या पूर्व आशियातील या झाडाची पाने हरणे एका रात्रीत देठापर्यंत फस्त करतात, आणि हिवाळ्यात तर ते जमिनीवर दिसतही नाही. याउलट १९५० पासून या राज्याचा राज्यवृक्ष असलेल्या तांबड्या ओकच्या पानांवर असंख्य सुरवंट पोसले जातात व चिकडी पक्षी तेच आपल्या पिलांना भरवतात. चोचीत हिरवी अळी धरून फांदीवर थांबलेला चिकडी मी आमच्याच अंगणात पाहिला आहे. म्हणून जागा असलेल्यांनी घराच्या भिंतीपासून पुरेशा अंतरावर आधी ओक लावावा, ही कळकळीची विनंती. होस्टा पुढे त्याच्या सावलीतही लावता येईल.

– एक वाचक, न्यू जर्सी